उपमुख्यमंत्री कोण ठरवतो?

२८ जानेवारी २०२६ रोजी सकाळी बारामतीच्या धावपट्टीजवळ विमान कोसळून अजित पवार यांचा मृत्यू झाला. त्यांच्या राजकारणाशी आमच्यासारख्यांचे कधीच जुळले नाही. तथापि साडेतीन दशके राज्याच्या सार्वजनिक जीवनात वावरलेला माणूस असा अकस्मात जातो तेव्हा मतभेद क्षणभर तरी बाजूला ठेवावे लागतात. बातमीला मात्र तेवढीही उसंत नसते. महाराष्ट्र अजून धक्क्यातून सावरायचा होता, तोच वृत्तवाहिन्यांवर रिकाम्या झालेल्या खुर्चीची चर्चा सुरू झाली. २९ तारखेला अंत्यसंस्कार झाले आणि ३१ जानेवारीला श्रीमती सुनेत्रा पवार यांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. महाराष्ट्राच्या त्या पहिल्या महिला उपमुख्यमंत्री होत. शपथविधी होणार असल्याचे आपल्याला प्रसारमाध्यमांतूनच कळले, असे खुद्द श्री. शरद पवार यांनी त्या दिवशी सांगितले. कुटुंबातील ज्येष्ठाला घरातील एवढा मोठा निर्णय बातम्यांमधून कळावा, ही गोष्ट खासगी दुःखाचा भाग म्हणून सोडून देता येईल. परंतु तिची सार्वजनिक बाजू सोडून देण्यासारखी नाही.

त्या तीन दिवसांत मतदाराला कुणी काही विचारले नाही, हे अपेक्षितच होते. पण त्या पक्षातील आमदारांना तरी शांतपणे विचार करायला किती अवधी मिळाला असेल? दर तासाला एक नवे नाव पडद्यावर झळकत असता निर्णय लांबवणे म्हणजे पक्षात फूट पडल्याची बातमी ओढवून घेणे, असे तेथील धुरीणांना वाटले असल्यास नवल नाही. आणि या सगळ्या गदारोळात एक गोष्ट कोपऱ्यात राहिली. दिवंगत उपमुख्यमंत्र्यांकडे असलेले अर्थ व नियोजन खाते नव्या उपमुख्यमंत्र्यांकडे गेले नाही. ते मुख्यमंत्री श्री. देवेंद्र फडणवीस यांनी स्वतःकडे घेतले. अर्थसंकल्प जेमतेम महिन्यावर आला असताना राज्याची तिजोरी सत्ताधारी आघाडीतील एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे गेली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला विचाराल तर त्या आठवड्यातील खरी राजकीय घटना ही होती. तिच्यावर मी पाहिलेल्या चर्चांमध्ये जेमतेम एखादे वाक्य खर्च झाले.

या लेखाचा विषय पवार कुटुंब नाही. मुख्यमंत्र्याच्या शेजारच्या खुर्चीवर कोण बसणार, हे आपल्या राज्यात नेमके कोण ठरवते आणि त्यात बातमीचा हात किती असतो, हा आहे. उपराष्ट्रपतिपदाशी याची तुलना करण्याचा मोह होईल, पण ती फसवी आहे. ९ सप्टेंबर २०२५ रोजी त्या वेळचे महाराष्ट्राचे राज्यपाल श्री. सी. पी. राधाकृष्णन ४५२ विरुद्ध ३०० मतांनी उपराष्ट्रपती झाले. मतदार होते फक्त खासदार. पंतप्रधानपदाच्या उमेदवाराबरोबर जोडीने लोकांसमोर उभा राहणारा असा तो उमेदवार नसतो. अमेरिकेत तो तसा असतो. तेथे अध्यक्षपदाचा उमेदवार आपला जोडीदार निवडणुकीपूर्वी जाहीर करतो आणि दोघे मिळून मते मागतात. आपल्याकडे त्याच्या जवळपास जाणारी जागा एकच, उपमुख्यमंत्र्याची. आणि ती भरली जाते मते पडून गेल्यानंतर. सगळा फरक या क्रमात आहे.

अमेरिकेतील एक जुने प्रकरण येथे सांगणे उपयोगी होईल. १९७२ साली डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी मायामीच्या अधिवेशनात घाईघाईने मिसुरीचे सिनेटर टॉमस ईगलटन यांना जोडीदार म्हणून निवडले. ईगलटन यांना नैराश्याच्या विकारासाठी तीन वेळा रुग्णालयात राहावे लागले होते आणि विजेच्या झटक्यांचे उपचारही झाले होते, ही माहिती दोन पत्रकारांच्या हाती लागली. ती त्यांनी लगेच छापली नाही; आधी मॅकगव्हर्न यांच्या प्रचारप्रमुखांपुढे ठेवून खुलासा मागितला. तेव्हा ईगलटन यांनी स्वतःच सर्व काही जाहीर केले. मॅकगव्हर्न यांनी प्रथम त्यांना हजार टक्के पाठिंबा असल्याचे सांगितले आणि काही दिवसांतच त्यांना बाजूला केले. त्याच धांदलीत जॅक अँडरसन नावाच्या विख्यात स्तंभलेखकाने ईगलटन मद्य पिऊन गाडी चालवत असल्याचा आरोप पुराव्याविना केला आणि पुढे त्याला माफी मागावी लागली. एकाच प्रकरणात पत्रकारितेची दोन्ही रूपे दिसली. ईगलटन पुढे १९८७ पर्यंत सिनेटमध्ये होते, म्हणजे आजारामुळे त्यांचे काम अडले असे म्हणता येत नाही. त्यांच्यावर अन्याय झाला असे माझे मत आहे. पण हा अन्याय मतदानाच्या तीन महिने आधी झाला, उघड्यावर झाला, आणि त्याबद्दल मॅकगव्हर्न यांचे काय चुकले हे ठरवण्याची संधी मतदाराला मिळाली.

२०२४ साली कमला हॅरिस यांनी मिनेसोटाचे गव्हर्नर टिम वॉल्झ यांना निवडले. दूरचित्रवाणीवरील एका मुलाखतीत त्यांनी विरोधकांना ‘विचित्र’ म्हटले, तो शब्द सर्वत्र पसरला आणि दोन आठवड्यांत ते जोडीदार झाले. गव्हर्नर म्हणून शाळकरी मुलांना मोफत जेवण देण्याचा कायदा त्यांनी केला होता, ही गोष्ट एका विशेषणापेक्षा वजनदार होती. पण त्यांना उचलून धरले ते विशेषणाने. तेव्हा तिकडे सगळे आलबेल आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही.

आता आपल्या घरी येऊ. राज्यघटनेच्या १६३ व १६४ या अनुच्छेदांत मुख्यमंत्री आहे, मंत्री आहेत. उपमुख्यमंत्री हा शब्द नाही. १२ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या पदाविरुद्धची याचिका फेटाळताना हेच सांगितले: उपमुख्यमंत्री हा प्रथमतः आणि अंतिमतः एक मंत्री असतो, त्या नावामुळे घटनेचा भंग होत नाही. न्यायालयाचे म्हणणे कायद्याला धरून आहे. परंतु ज्या पदाला कायद्याने एकही अधिकार दिलेला नाही, त्यासाठी सरकारे बारा बारा दिवस अडून का राहतात, हा प्रश्न न्यायालयासमोर नव्हता. तो आपल्यासमोर आहे. वर्गात आम्ही उपयोगमूल्य आणि विनिमयमूल्य यांतील भेद शिकवत असू. उपमुख्यमंत्रिपदाचे उपयोगमूल्य जवळजवळ शून्य आहे. उपयोग आहे तो त्याबरोबर येणाऱ्या खात्यांचा. विनिमयमूल्य मात्र प्रचंड आहे, आणि ते ज्या बाजारात ठरते त्या बाजाराचे नाव बातमी. कुणाला किती मान द्यावा लागला, कोण नाराज होता, कुणाची मनधरणी झाली, हे छापून आल्यावाचून या पदाला किंमत येत नाही.

महाराष्ट्रात हा व्यवहार १९७८ साली सुरू झाला. त्या वर्षीच्या निवडणुकीत जनता पक्षाला ९९ जागा मिळाल्या आणि त्याला सत्तेबाहेर ठेवण्यासाठी ६९ व ६२ जागांच्या दोन काँग्रेस एकत्र आल्या. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले आणि इंदिरा काँग्रेसचे नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. तिरपुडे हे स्वतंत्र विदर्भाचे पुरस्कर्ते, बोलण्यात रोखठोक. यशवंतराव चव्हाणांवर ते सरकारात बसून जाहीर टीका करीत. दर टीकेची बातमी होई, बातमीवर उत्तर येई, उत्तरावर पुन्हा टीका. वर्तमानपत्रांतून चाललेल्या या भांडणाने सरकार आतून पोखरले. त्या दिवसांत ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये गोविंद तळवलकरांनी लिहिलेल्या अग्रलेखाचा आणि जुलैमध्ये श्री. शरद पवारांनी बाहेर पडून पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार स्थापण्याचा संबंध आजही जाणते लोक जोडतात. एस. एम. जोशींच्या जनता पक्षाने त्या सरकारात भाग घेतला, आणि आम्ही सगळे तेव्हा हर्षभरित होतो. तिरपुड्यांच्या वाक्यांवर आम्हीही चवीने बोलत होतो. विदर्भाच्या अनुशेषाबद्दल ते जे म्हणत त्यात तथ्य किती, याचा हिशोब मात्र त्या वेळी आमच्यापैकी फारसा कुणी मांडला नाही. ही चूक इतरांच्या माथी मारण्याआधी कबूल केलेली बरी.

गोपीनाथ मुंडे यांची गोष्ट निराळी. १९९१ ते १९९५ या काळात विरोधी पक्षनेते म्हणून त्यांनी शरद पवारांवर आरोपांची जी मोहीम चालवली, ती प्रत्यही पहिल्या पानावर होती. १९९५ साली युतीचे सरकार आले तेव्हा उपमुख्यमंत्री कोण, हे विचारण्याची गरजच कुणाला पडली नाही. वृत्तपत्रांनी ती निवड आधीच करून ठेवली होती. मतदाराला ठाऊक असलेला असा उपमुख्यमंत्री आपल्याकडे क्वचितच झाला, आणि त्याचे श्रेय त्या काळच्या पत्रकारितेला दिले पाहिजे. पण तिची मर्यादाही लगेच दिसली. दाभोळचा एन्रॉन प्रकल्प अरबी समुद्रात बुडवू, ही घोषणा सर्वतोमुखी झाली होती. सत्तेवर आल्यावर मुंडे यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने प्रकल्पाचा आढावा घेतला, सरकारने करार रद्द केला, आणि काही महिन्यांत नव्या वाटाघाटी करून तोच प्रकल्प पुन्हा स्वीकारला. विजेचा दर काय, तो कोणत्या चलनात ठरणार, न वापरलेल्या विजेचे पैसे कुणी भरायचे, हे प्रश्न विचारणारे थोडेच होते, आणि त्यांत समाजवादी आणि डावे कार्यकर्ते होते. समुद्राची घोषणा लक्षात राहिली. दराचा तक्ता राहिला नाही.

२००४ साली राष्ट्रवादी काँग्रेसला ७१ आणि काँग्रेसला ६९ जागा मिळूनही मुख्यमंत्रिपद काँग्रेसकडे गेले. बदल्यात राष्ट्रवादीने उपमुख्यमंत्रिपद आणि जास्तीची मंत्रिपदे घेतली. त्या वाट्यातून रावसाहेब रामराव पाटील, म्हणजे सर्वांचे आर. आर. आबा, उपमुख्यमंत्री व गृहमंत्री झाले. तासगाव तालुक्यातील अंजनीचा हा साध्या घरातील माणूस ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबांच्या नावाने सुरू झालेल्या ग्रामस्वच्छता अभियानामुळे गावोगावी पोचला होता. त्या अभियानाला वृत्तपत्रांनी, विशेषतः जिल्हा आवृत्त्यांनी, जी जागा दिली तिच्यामुळे त्यांचे नाव झाले. बातमीने एखादा लायक माणूस वर आणल्याचे ते उदाहरण आहे.

आणि बातमीनेच त्यांना खाली उतरवले. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर पत्रकारांशी हिंदीत बोलताना मोठ्या शहरांत अशा लहानसहान घटना घडत असतात, अशा अर्थाचे एक वाक्य त्यांच्या तोंडून गेले. १६० हून अधिक माणसे मेलेली होती. वाक्य अक्षम्य होते, याबद्दल वाद नाही. परंतु पुढचे दिवस ते वाक्य देशभरच्या वाहिन्यांवर ज्या रीतीने पुनःपुन्हा वाजवले गेले, त्यात हे सांगायचे राहूनच गेले की तो माणूस मराठीत विचार करून हिंदीत बोलत होता, आणि मुख्य म्हणजे गृहमंत्री म्हणून त्याची जबाबदारी त्या वाक्याच्या कितीतरी आधी सुरू होत होती. पोलिसांकडे कोणती शस्त्रे होती, बुलेटप्रूफ जाकिटांची खरेदी कशी झाली, सागरी गस्तीच्या नौका चालत होत्या का, या प्रश्नांवर राजीनामा मागितला गेला असता तर तो न्याय ठरला असता. १ डिसेंबरला राजीनामा आला तो वाक्यावर. विलासराव देशमुखांचेही पद गेले, तेही चित्रपट दिग्दर्शक सोबत घेऊन ताजमहाल हॉटेलची पाहणी केल्याच्या दृश्यांमुळे. ८ डिसेंबरला श्री. अशोक चव्हाण मुख्यमंत्री आणि श्री. छगन भुजबळ उपमुख्यमंत्री झाले. पुढच्याच वर्षी, निवडणुकीनंतर, आर. आर. पाटील गृहमंत्री म्हणून परत आले. राम प्रधान समितीचा अहवाल मधल्या काळात आला होता. त्यावर किती वाहिन्यांनी किती तास दिले? वाक्यासाठी गेलेला मंत्री वाक्य विस्मृतीत गेल्यावर परत येऊ शकतो. कारभारासाठी गेला असता तर परत येण्यापूर्वी कारभाराचे उत्तर द्यावे लागले असते.

याच्या उलट बाजूचे उदाहरण २०१२ चे, आणि मला ते पुन्हा पुन्हा आठवते, कारण त्याचा उगम राज्य सरकारच्याच आर्थिक पाहणीत होता. हा ग्रंथ दर वर्षी अर्थसंकल्पाच्या आधी निघतो. सभागृहात तो कितीजण उघडतात हे देव जाणे. २०११-१२ च्या पाहणीत एकूण पिकाखालील क्षेत्रापैकी सिंचित क्षेत्राचे प्रमाण २०००-०१ साली १७.८ टक्के होते आणि २००९-१० साली १७.९ टक्के, असे छापलेले होते. दशकभरात एक दशांश टक्का! याच दशकात सिंचनावर सुमारे ७० हजार कोटी रुपये खर्च झाल्याचे सांगितले जात होते. कुणीतरी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले. जलसंपदा विभागातील मुख्य अभियंता श्री. विजय पांढरे यांचे पत्र बाहेर आले, वृत्तपत्रांनी प्रकल्पांच्या वाढीव किमतींची कागदपत्रे शोधली, आणि पूर्वी जलसंपदा मंत्री राहिलेले उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी २५ सप्टेंबर २०१२ रोजी राजीनामा दिला. त्यानंतर श्वेतपत्रिका निघाली, तिच्यात सिंचन पाच टक्क्यांहून अधिक वाढल्याचे सांगितले गेले, आणि ७ डिसेंबरला ते पुन्हा उपमुख्यमंत्री झाले. अडीच महिने. मृताविषयी कठोर लिहू नये असा संकेत आहे आणि मी तो पाळतो. दोष सिद्ध झाला असे मी म्हणत नाही. माझा मुद्दा बातमीविषयी आहे. जोवर वृत्तपत्रे हेक्टर आणि कोटी यांबद्दल लिहीत होती तोवर खुर्ची हलत होती. ज्या दिवशी चर्चेचा विषय ‘दादा परत कधी येणार’ हा झाला, त्या दिवशी खुर्ची स्थिर झाली.

२०१९ व २०२२ ची प्रकरणे वाचकांना पाठ आहेत. २३ नोव्हेंबर २०१९ ला सकाळची वृत्तपत्रे श्री. उद्धव ठाकरे यांचे नाव घेऊन दारात पडली आणि त्याच वेळी दूरचित्रवाणीवर राजभवनात वेगळाच शपथविधी दिसत होता. ३० जून २०२२ ला श्री. फडणवीस यांनी दुपारी पत्रकारांसमोर आपण सरकारबाहेर राहणार असल्याचे सांगितले. थोड्याच वेळात त्यांच्या पक्षाध्यक्षांनी दिल्लीत कॅमेऱ्यासमोर त्यांना पद घेण्यास सांगितले आणि संध्याकाळी त्यांनी शपथ घेतली. महाराष्ट्राचा उपमुख्यमंत्री दिल्लीहून ठरतो, यात नवे काही नाही. तो ठरताना सगळ्यांनी प्रत्यक्ष पाहिला, एवढेच नवे.

त्याहून अधिक बोलकी घटना जून २०२३ ची. १३ तारखेला राज्यातील प्रमुख वृत्तपत्रांत पानभर जाहिरात आली. देशात मोदी आणि राज्यात शिंदे, असा तिचा आशय होता. तिच्यात एका सर्वेक्षणाचा हवाला देऊन २६.१ टक्के लोकांना श्री. एकनाथ शिंदे आणि २३.२ टक्के लोकांना श्री. फडणवीस मुख्यमंत्री हवे असल्याचे म्हटले होते. उपमुख्यमंत्र्याची किंमत मुख्यमंत्र्यापेक्षा २.९ टक्क्यांनी कमी, असा तो दरफलकच होता! भागीदार पक्षात नाराजी उसळली. दुसऱ्या दिवशी दोघांची छायाचित्रे असलेली दुरुस्त जाहिरात आली. दोन्ही दिवशी पैसे वृत्तपत्रांना मिळाले, आणि दोन्ही दिवसांच्या बातम्याही त्याच वृत्तपत्रांनी छापल्या. बातमी आणि जाहिरात यांच्यातील भिंत कोसळली असे म्हणायचे, तर भिंत होती कुठे? जिल्हा वृत्तपत्रांपासून मोठ्या वाहिन्यांपर्यंत अनेकांचे अंदाजपत्रक सरकारी जाहिरातींवर उभे आहे. ज्याच्या हाती खाते, त्याच्या हाती जाहिरात. आणि ज्याच्या हाती जाहिरात, त्याच्याविषयीच्या नाराजीच्या बातम्याही जरा मृदू होतात. पत्रकारांना दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. ठरावीक मुदतीच्या कंत्राटावर राबणाऱ्या तरुण बातमीदाराला अर्थसंकल्पाचे ग्रंथ वाचायला वेळ द्यायचा की बंगल्याबाहेर सहा तास उभे करायचे, हे त्याचा मालक ठरवतो. बंगल्याबाहेरची बातमी स्वस्त पडते.

नवी मुंबईत राहणाऱ्याला याचा चटका कसा बसतो, ते आता सांगतो. २३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचे निकाल लागले. भाजपला १३२, शिंदे यांच्या शिवसेनेला ५७, अजित पवारांच्या राष्ट्रवादीला ४१; आघाडीला अडचण कसलीच नव्हती. तरी शपथविधीला ५ डिसेंबर उजाडला. श्री. शिंदे साताऱ्यातील आपल्या दरे गावी गेले, तेव्हा वाहिन्यांच्या गाड्या मागोमाग गेल्या. त्यांना ताप किती आहे, ते कुणाला भेटले, उपमुख्यमंत्रिपद घेणार की नाही, याची चर्चा रात्रंदिवस चालली. वाशीच्या एका वाचनालयात आम्ही निवृत्त मंडळी सकाळी जमतो. तेथेही याच पैजा लागत होत्या. त्या वेळी आमच्यातील एक गृहस्थ, ते जुन्या नोडमधील एका सोसायटीचे चिटणीस आहेत, मला म्हणाले, “सर, उपमुख्यमंत्री कुणीही होऊ दे. नगरविकास कुणाकडे जातंय, ते कुठे छापून आलंय का बघा ना.”

त्यांची इमारत पुनर्विकासाच्या वाटेवर होती आणि स्लॅबचे तुकडे पडत होते. त्यांचा प्रश्न साधा नव्हता. नवी मुंबई महानगरपालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर जानेवारी २०२६ पर्यंत या शहरात एकही नगरसेवक नव्हता. आयुक्त हेच प्रशासक. सिडकोही नगरविकास विभागाच्याच अखत्यारीत. म्हणजे पाणी, रस्ते, चटईक्षेत्र, भाडेपट्ट्याची जमीन, गावठाणातील प्रकल्पग्रस्तांची घरे, या सर्वांवर लोकांना जाब विचारता येईल असा निवडून आलेला माणूस एकच उरला होता, तो नगरविकास मंत्री. पाच वर्षांहून अधिक काळ लाखो लोकांच्या शहराचे महापौरपद वस्तुतः त्या खात्यात सामावले होते. आणि ते खाते कुणाकडे जाणार, ही बातमी कोठेच ठळक नव्हती; गृहखाते मिळणार की नाही, एवढ्यापुरतीच ती मानापमानाच्या कथेत डोकावत होती.

पुढे तर मौज झाली. १५ डिसेंबरला नागपुरात मंत्रिमंडळाचा विस्तार झाला, १६ पासून हिवाळी अधिवेशन सुरू झाले आणि २१ ला संपले. ३३ हजार कोटी रुपयांहून अधिक रकमेच्या पुरवणी मागण्या या अधिवेशनात आल्या. खातेवाटप झाले ते २१ डिसेंबरच्या रात्री, अधिवेशन उरकल्यावर. म्हणजे आठवडाभर बहुतेक मंत्री बिनखात्याचे बसले होते आणि विधिमंडळ त्यांच्या खात्यांच्या नावावर पैसे मंजूर करीत होते. संसदीय जबाबदारी या कल्पनेची याहून मोठी थट्टा मला आठवत नाही. यावर काही अग्रलेख आले, नाही असे नाही. परंतु जेवढे कॅमेरे दऱ्याच्या वाटेवर होते, त्याच्या एक दशांश जरी हा प्रश्न घेऊन विधानभवनाच्या पायऱ्यांवर उभे राहिले असते, तर खातेवाटप अधिवेशनापूर्वी झाले असते, अशी माझी खात्री आहे. प्रसिद्धीला एवढी शक्ती निश्चित आहे. ३० जून २०२२ ला तीन तासांत उपमुख्यमंत्री ठरू शकतो, तर खाती ठरायला अडचण काय होती?

जानेवारी २०२६ ची महापालिका निवडणूकही याच रीतीने झाली. राज्यात एकत्र सत्तेत असलेले दोन पक्ष येथे परस्परांविरुद्ध लढले, वनमंत्री श्री. गणेश नाईक आणि उपमुख्यमंत्री श्री. शिंदे यांची शब्दांची लढाई रोज छापून आली आणि भाजपला बहुमत मिळाले. कल्याण-शीळ रस्त्यालगतची चौदा गावे महापालिकेत घ्यायची, तर त्यांच्या पाण्याचा, रस्त्यांचा, शाळांचा खर्च कोण उचलणार, हा या भांडणातील एकमेव आर्थिक प्रश्न होता. तो ‘नाईक विरुद्ध शिंदे’ या मथळ्याखाली गेला. त्या चौदा गावांतील माणूस मतदानाच्या दिवशी कोणत्या माहितीवर रांगेत उभा राहिला असेल?

याला उपाय म्हणून कायदा करा असे मी म्हणणार नाही. उपमुख्यमंत्रिपद घटनेत घालावे अशी मागणी काही जण करतात. त्याने एक मोटार आणि एक बंगला कायम होईल, एवढेच. मागणी राजकीय पक्षांकडे केली पाहिजे, आणि आमच्या समाजवादी पक्षांनी ती स्वतःपासून सुरू करावी. आघाडी करून निवडणूक लढवणाऱ्यांनी मतदानापूर्वी सांगावे की बहुमत मिळाल्यास मुख्यमंत्री कोणत्या पक्षाचा, दुसरे स्थान कुणाचे, आणि अर्थ, गृह, नगरविकास ही खाती कुणाकडे. जागा कमीअधिक होतील म्हणून हे सांगता येत नाही, हा युक्तिवाद मला मान्य नाही. १९९५ साली ज्याच्या जागा जास्त त्याचा मुख्यमंत्री, एवढे सूत्र तरी युतीच्या मतदाराला ठाऊक होते. २०२९ ची विधानसभा फार दूर नाही. त्या वेळी प्रत्येक प्रचारसभेत हा प्रश्न विचारण्याचे काम आपल्या कार्यकर्त्यांना करता येईल. त्याला पैसा लागत नाही. उत्तर मिळाले तर बातमीदाराला छापायला काहीतरी ठोस मिळेल. नाही मिळाले, तर तीही बातमी आहे. आणि आपल्या पक्षाच्या साप्ताहिकांनी नावांच्या तर्कवितर्कांना एक ओळही देऊ नये, ही शिस्त १९७८ सालीच लावून घ्यायला हवी होती.

२२ डिसेंबर २०२४ च्या सकाळी चिटणीस वाचनालयात माझ्याआधी येऊन बसले होते. नगरविकास आणि गृहनिर्माण ही दोन्ही खाती श्री. शिंदे यांच्याकडे गेल्याचे त्यांनी वाचले होते. ग्रंथपालांची परवानगी घेऊन त्यांनी ती यादी आपल्या वहीत उतरवून घेतली, प्रत्येक मंत्र्यासमोर खात्याचे नाव, आणि दुपारी सोसायटीच्या फलकावर लावली. खाली त्यांनी आपल्या प्रस्तावाचा क्रमांक आणि तारीख लिहिली होती.